त्या सरदाराचं नाव नोबल जॉन्सन : फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व फिल्म सोसायट्यांचे संयोजक आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायला निमित्त झालं एका लहान मुलाच्या प्रश्नाचं. गेल्या महिन्यात एका सोसायटीने 1933 चा 'किंग काँग' दाखवला. सोसायटीचं नाव घेत नाही. ही मंडळी पदरमोड करून, खुर्च्या स्वतः मांडून काम करणारी आहेत आणि जे झालं ते आपल्यापैकी कुणाच्याही हॉलमध्ये झालं असतं. शनिवारची संध्याकाळ होती, काही जण मुलांना घेऊन आले होते. खेळ संपल्यावर नेहमीसारखी चर्चा रंगली. काँगची बाहुली जेमतेम 18 इंचांची होती, विलिस ओब्रायन यांनी ती कणाकणाने हलवून, एकेक फ्रेम टिपून जिवंत केली, मॅक्स स्टाइनर यांच्या पार्श्वसंगीताने बोलपटांना नवी वाट दाखवली, हे सगळं छान सांगून झालं. मग पुढच्या रांगेतल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "तो पिसांचा टोप घातलेला सरदार होता ना, तो कोण?"

उत्तर आलं, "अरे, ते तिथलेच लोक असणार. बेटावर शूटिंगच्या वेळी घेतले असतील."

आणि चर्चा पुढे गेली. मला उत्तर माहीत होतं आणि मी बोलले नाही. घरी पोचेपर्यंत ते मला टोचत राहिलं. त्या मुलाला मी जे सांगायला हवं होतं, ते आता तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

ते बेट नव्हतंच. काँगला अडवणारी ती प्रचंड भिंत आणि तिच्यातला तो दरवाजा लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, स्टुडिओच्या मागच्या मोकळ्या जागेत उभा होता. आणि तो सरदार कुठल्याही बेटावरचा नव्हता. त्याचं नाव नोबल जॉन्सन. जन्म 18 एप्रिल 1881, मिझुरी राज्यातल्या मार्शल गावी. लहानाचा मोठा झाला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये. वडील घोडे शिकवायचे. 'काँग'चा दरवाजा उघडायची आज्ञा देणारा हा माणूस त्याच्या सतरा वर्षं आधी एका चित्रपट कंपनीचा अध्यक्ष होता, तिचा नायक होता, आणि ती कंपनी कृष्णवर्णीय माणसांनी स्वतःच्या माणसांसाठी काढली होती. आपण त्याला 'तिथलेच लोक' म्हणून मोकळे झालो.

आधी त्याच्या सुरुवातीबद्दल थोडं. नोबलने शाळा लवकर सोडली आणि वडिलांबरोबर घोड्यांच्या कामाला लागला. त्या गावातला त्याचा एक शाळूसोबती म्हणजे लॉन चेनी. चेनीला पुढे 'हजार चेहऱ्यांचा माणूस' म्हणून साऱ्या जगाने डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. पण त्याच गावातून, त्याच पिढीतून आणखी एक माणूस निघाला ज्याने पडद्यावर तितकेच चेहरे लावले, आणि त्याला असं कुठलंच बिरुद मिळालं नाही. नोबल सहा फुटांच्या वर उंच, खांदे रुंद, घोड्यावर मांड पक्की. लुबिन कंपनीचं युनिट कोलोरॅडोत एक वेस्टर्न चित्रित करत होतं, त्यातला एक नट जखमी झाला आणि घोडा सांभाळू शकेल असा माणूस हवा होता, म्हणून याला उभं केलं. तिथून तो लॉस एंजेलिसला गेला आणि युनिव्हर्सल या बड्या स्टुडिओच्या सीरियलपटांत, म्हणजे भागाभागांनी येणाऱ्या चित्रपटांत, कामं करू लागला.

आता 1915 साल डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. चित्रपटाच्या तंत्राबद्दल बोलताना आपण सगळे त्याचं नाव घेतो. त्यात महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केल्या होत्या आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला तारणहार म्हणून दाखवलं होतं. तो चित्रपट अमेरिकाभर तुडुंब गर्दीत चालला. ज्यांची अशी बदनामी झाली, त्यांच्यापैकी काहींनी निदर्शनं केली, काही कोर्टात गेले. नोबल जॉन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली.

1916 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये लिंकन मोशन पिक्चर कंपनी सुरू झाली. अध्यक्ष नोबल. सोबत क्लॅरेन्स ब्रुक्स हा नट आणि खजिनदार डॉ. जेम्स स्मिथ. कॅमेरामन हॅरी गँट मात्र गोरा होता. नोबलचा धाकटा भाऊ जॉर्ज ओमाहा शहरात टपाल खात्यात नोकरीला होता. तो नोकरी सांभाळून कंपनीचं बुकिंग बघायचा, वृत्तपत्रांना पत्रं पाठवायचा, कुठल्या शहरात कृष्णवर्णीयांसाठी किती थिएटरं आहेत याची यादी ठेवायचा. पैसा कुठून येत होता? बराचसा नोबलच्या खिशातून. युनिव्हर्सलमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम करायचं आणि तो पगार आपल्या कंपनीत घालायचा, असं चाललं होतं.

पहिला चित्रपट दोन रिळांचा, 'द रिअलायझेशन ऑफ अ निग्रोज अँबिशन'. नायक जेम्स बर्टन, भूमिकेत स्वतः नोबल. टस्कीगीच्या, कृष्णवर्णीयांसाठीच्या शिक्षणसंस्थेतून सिव्हिल इंजिनिअर होऊन आलेला हा तरुण बापाची शेती सोडून कॅलिफोर्नियात तेलाच्या विहिरींवर काम मागायला जातो. वर्णामुळे त्याला नकार मिळतो. नंतर तो मालकाच्या मुलीचा जीव वाचवतो, त्याला नोकरी मिळते, आणि काम करता करता त्याच्या लक्षात येतं की इथली जमीन आणि आपल्या बापाची जमीन यांत फरक नाही. तो घरी परततो आणि आपल्याच शेतात तेल काढतो. गोष्ट साधी आहे, आजच्या नजरेला भाबडीही वाटेल. पण 1916 साली पडद्यावर कृष्णवर्णीय माणूस शिकलेला इंजिनिअर आहे, तो चोर नाही, विदूषक नाही, कुणाचा नोकर नाही, हे थिएटरात बसून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल! मी ही कथा जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा मला 'राजा हरिश्चंद्र' जिथे लागला ते गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर आठवलं. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपली माणसं, आपले देव पडद्यावर का दिसू नयेत, या ध्यासाने 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला. फाळके नाशकात आपली चित्रं करत होते त्याच वर्षांत, समुद्रापलीकडे, वेगळ्या जखमेतून पण त्याच भुकेपोटी ही माणसं काम करत होती. त्यांना एकमेकांची वार्ताही नसणार. तरी मला ती सख्खी वाटतात.

दुसरा चित्रपट 'ट्रूपर ऑफ ट्रूप के', तीन रिळांचा. जून 1916 मध्ये मेक्सिकोत कारिझाल इथे अमेरिकेच्या दहाव्या घोडदळाची चकमक झाली होती. हे कृष्णवर्णीय सैनिकांचं दल. त्यांच्यातले बरेच मारले गेले. ती बातमी ताजी असतानाच लिंकनने तिच्यावर चित्रपट केला आणि त्यात घोडदळातून निवृत्त झालेले खरे सैनिक घेतले. 1917 मध्ये तिसरा, 'द लॉ ऑफ नेचर'. तिन्हींत नायक नोबल. चर्चमध्ये, शाळांमध्ये, कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या लहान थिएटरांत हे चित्रपट फिरले आणि लोकांनी डोक्यावर घेतले.

आणि इथेच गोष्ट फिरते. हा भाग मी तुम्हाला जरा नीट वाचायची विनंती करते, कारण आपल्या पत्रकांत एखाद्या नटापुढे आपण जे 'छोट्या भूमिका केल्या' असं लिहितो, त्या तीन शब्दांमागे काय काय असू शकतं ते इथे कळतं.

नोबल एकाच वेळी दोन ठिकाणी दिसत होता. युनिव्हर्सलच्या सीरियलमध्ये टोळीवाला किंवा खलनायकाचा साथीदार म्हणून, आणि लिंकनच्या चित्रपटात नायक म्हणून. कृष्णवर्णीय वस्त्यांत दोन थिएटरं जवळजवळ असत. एकावर युनिव्हर्सलचा खेळ, दुसऱ्यावर लिंकनचा. पोस्टरवर दोन्हीकडे नोबलच. लोक कुठे जाणार ते उघड आहे. जॉर्जने पुढे सांगून ठेवलेली हकीकत अशी, की थिएटरमालकांच्या तक्रारी युनिव्हर्सलपर्यंत गेल्या आणि कंपनीने नोबलला बजावलं : लिंकन सोड, तिच्या जाहिरातीत तुझं नाव आणि चेहरा दिसता कामा नये, नाहीतर इथलं काम बंद.

घरात एकच पगार असलेल्या माणसाला हे सांगायला नको. लिंकनमधून त्याला मिळत काहीच नव्हतं, उलट तिथे जो पैसा जात होता तो युनिव्हर्सलचाच होता. युनिव्हर्सल सोडलं तर दोन्ही बुडणार. 1918 मध्ये नोबलने आपल्याच कंपनीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कंपनी त्याच्याशिवाय काही वर्षं चालली. क्लॅरेन्स ब्रुक्सने 'अ मॅन्स ड्यूटी' आणि 1921 च्या 'बाय राइट ऑफ बर्थ'मध्ये कामं केली. (हाच ब्रुक्स 1931 मध्ये जॉन फोर्ड यांच्या 'ॲरोस्मिथ'मध्ये डॉक्टर म्हणून दिसतो, आणि त्या काळच्या हॉलीवूडमध्ये इतक्या सन्मानाने लिहिलेली कृष्णवर्णीय भूमिका शोधूनही सापडत नाही. तोही आपण दाखवलेला मला आठवत नाही.) पुढे कृष्णवर्णीय चित्रपटांचे मोठे दिग्दर्शक झालेले ऑस्कर मिशो यांची 'द होमस्टेडर' ही कादंबरी लिंकनने पडद्यावर आणावी अशी बोलणीही झाली होती. मिशो यांना ती स्वतः बनवण्यात सहभाग हवा होता, बोलणी फिसकटली, आणि मिशोंनी स्वतःचीच कंपनी काढली. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, निदान चित्रपट अभ्यासणाऱ्यांना. लिंकन मात्र 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली.

नोबलच्या त्या तीन चित्रपटांचं काय झालं? एकही शिल्लक नाही. लिंकन कंपनीच्या साऱ्या कामातून आज उरला आहे तो 'बाय राइट ऑफ बर्थ'चा सुमारे चार मिनिटांचा तुकडा, आणि त्यात नोबल नाही. म्हणजे ज्या चित्रपटांत तो ताठ मानेने नायक होता ते सगळे गेले, आणि ज्यांत तो सरदार, गुलाम, नोकर, राक्षसाचा हस्तक होता ते दर वर्षी कुठे ना कुठे लागतात. आपल्याकडेही मूकपटांची हीच कथा आहे, शेकडो चित्रपटांतले हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले. पण नोबलच्या बाबतीत नशिबाने जी निवड केली, तिचा मला फार राग येतो. त्याच्याबद्दल आज जे काही कळतं त्यातलं पुष्कळसं जॉर्जमुळे. टपालखात्यातली नोकरी करत त्याने कात्रणं, पत्रं, पत्रकं, फोटो जपले. तो संग्रह आज लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एका भावाने केलेलं दुसऱ्या भावाने सांभाळलं.

राजीनाम्यानंतर नोबल जवळपास तीस वर्षं काम करत राहिला, शंभराहून जास्त चित्रपटांत. त्यातल्या भूमिका वाचून पाहिल्या तर भोवळ येते. 1921 च्या 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स'मध्ये आकाशातून दौडणाऱ्या चार स्वारांपैकी एक. बस्टर कीटनच्या 'द नॅव्हिगेटर'मध्ये नरभक्षकांचा म्होरक्या. 1927 च्या 'टॉप्सी अँड इव्हा'मध्ये अंकल टॉम. 1930 च्या 'मोबी डिक'मध्ये जॉन बॅरीमोरसोबत क्वीक्वेग हा देवमाशांवर भाला फेकणारा बेटवासी. 1932 च्या 'द ममी'मध्ये बोरिस कार्लोफच्या नजरेने बांधला गेलेला नूबियन नोकर. 'लॉस्ट होरायझन'मध्ये हमालांचा नाईक. 1949 मध्ये फोर्ड यांच्या रंगीत 'शी वोअर अ यलो रिबन'मध्ये रेड शर्ट हा मूळनिवासी अमेरिकन योद्धा. त्याचा वर्ण उजळ होता. कृष्णधवल फिल्मवर रंगभूषा आणि दिवे ठरवतील तो माणूस तो होऊ शकायचा. हॉलीवूडला जगातल्या कुठल्याही गोऱ्या नसलेल्या जमातीचा माणूस हवा असला की नोबलला बोलावणं जायचं.

यादीने मात्र त्याचा अभिनय कळणार नाही, त्यासाठी दोन प्रसंग सांगते.

पहिला 1932 च्या 'द मोस्ट डेंजरस गेम'मधला. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला रेन्सफर्ड (जोएल मॅक्री) रात्री एका गढीच्या दारावरची कडी वाजवतो. दार उघडतं, तो आत येतो, समोर कुणी नाही. तो मागे वळतो तर उघड्या दाराच्या आडोशाला एक दाढीवाला अवाढव्य माणूस उभा. हा इव्हान, काउंट झारॉफचा मुका कोसॅक नोकर. नोबल इथे गोरा आहे. दाढी, रशियन अंगरखा, आणि तोंडात एकही शब्द नाही. रेन्सफर्ड त्याच्याशी बोलायला बघतो आणि तो नुसता उभा राहतो. पापणीही लवत नाही. हातपाय न हलवता अख्खी चौकट भरून टाकायची ही ताकद आपण मोठमोठ्या नावांत शोधत असतो. पुढे मालक त्याला पाहुण्यासमोर हसायला सांगतो. तो हसतो. ओठ तेवढे फाकतात, डोळे तसेच गार राहतात. हॉलमध्ये त्या क्षणी लोकांच्या अंगावर काटा येतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा तो नट कोण, हे कुणी सांगितलं नाही.

आणि आता हे बघा. 'द मोस्ट डेंजरस गेम' आणि 'किंग काँग' हे दोन्ही चित्रपट एकाच कंपनीचे, एकाच काळात आणि बऱ्याच अंशी एकाच जंगलाच्या सेटवर चित्रित झाले. फे रे आणि रॉबर्ट आर्मस्ट्राँग दोन्हींत आहेत, हे आपण आवर्जून सांगतो. नोबलही दोन्हींत आहे. त्याच झाडांमध्ये एका चित्रपटासाठी तो गोरा कोसॅक आणि दुसऱ्यासाठी कृष्णवर्णीय सरदार. एका सेटवर माणसाने वंश बदलला आणि आपल्या पत्रकात त्याला एक ओळ नाही.

दुसरा प्रसंग 'काँग'मधलाच. ढोल चालू आहेत, बेटावरचे लोक नाचत आहेत, एका मुलीला बळीसाठी सजवलं आहे. जहाजावरची मंडळी आडून बघत आहेत. सरदाराला ते दिसतात. तो हात वर करतो आणि सगळं थांबतं. मग तो पायऱ्या उतरतो आणि त्यांच्याकडे चालत येतो. संगीत शिकवणारे लोक आजही हा प्रसंग उदाहरण म्हणून दाखवतात, कारण स्टाइनर यांनी सरदाराच्या प्रत्येक पावलाला स्वर जोडला आहे. पाऊल आणि स्वर, पाऊल आणि स्वर. आपण संगीतकाराचं कौतुक करतो. पण त्या पावलांत वजन कुणी घातलं? पाय टाकणारा माणूस घाबरट किंवा हास्यास्पद चालला असता तर ते संगीतही हास्यास्पद झालं असतं. कागदावर ही भूमिका अपमानकारक आहे. नोबल ती अशी चालतो, की त्या क्षणापुरता तो एका राज्याचा धनी वाटतो आणि समोरचे गोरे आगंतुक. एवढी जागा त्याला मिळाली होती, ती त्याने पुरेपूर घेतली.

त्या भिंतीबद्दलही एक सांगते. तिचा काही भाग मुळात सेसिल डीमिल यांच्या 1927 च्या 'द किंग ऑफ किंग्ज'साठी उभारला होता, आणि त्याही चित्रपटात नोबल होता, रथाचा सारथी म्हणून. डिसेंबर 1938 मध्ये 'गॉन विथ द विंड'च्या अटलांटाच्या आगीसाठी तो सेट जाळला. 'गॉन विथ द विंड'च्या खेळाला आपण आगीचा किस्सा सांगतोच. तिथे कोण उभं राहून गेलं होतं हेही पुढच्या वेळी सांगा.

मराठी प्रेक्षकांपुढे नोबलचा आणखी एक चेहरा यायला हवा. 1924 च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये डग्लस फेअरबँक्सच्या विरोधात राजकन्येला मागणी घालायला तीन राजपुत्र येतात. त्यातला हिंदुस्थानचा राजपुत्र नोबल आहे. मोत्यांच्या माळा, डोक्यावर फेटा, हत्तीच्या डौलाने आलेला. मंगोल राजपुत्र आहे सोजिन हा जपानी नट, आणि इराणचा गुबगुबीत राजपुत्र चक्क मातिल्ड कोमाँ ही बाई आहे. तीन राजपुत्रांत एकही त्या देशाचा नाही, एक तर पुरुषही नाही. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अण्णा साळुंके हे हॉटेलात स्वयंपाक करणारे गृहस्थ आपले पहिले तारामती झाले आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवं. त्यानंतरही हॉलीवूडला हिंदुस्थानी माणूस लागला की नोबल होताच : 1935 च्या 'द लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर'मध्ये राम सिंग, 1942 मध्ये म्हैसूरच्या साबूसोबत 'जंगल बुक'मध्ये शीख. आपल्या देशाचं जे चित्र त्या काळी अमेरिकेने पाहिलं, त्यात हा मिझुरीचा माणूस आपल्या वतीने उभा होता. आपण त्याचं काही देणं लागतो असं मला वाटतं.

काही तरुण सभासदांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो चर्चेत नेहमी येतो : हे चित्रपट वंशद्वेषी आहेत, ते दाखवूच नयेत. 'काँग'मधला बेटाचा भाग वंशद्वेषी आहे, यात मला शंका नाही. तो बघताना मला दर वेळी लाज वाटते. पण दाखवायचं बंद केलं तर नोबल दुसऱ्यांदा पुसला जाईल. त्याचे नायकाचे चित्रपट काळाने नेले, उरलेल्यांवर आपण पडदा टाकणार. त्याउलट खेळाआधी पाच मिनिटं उभं राहून सांगितलं, की आता जो सरदार दिसेल त्याने सतरा वर्षांपूर्वी स्वतःची कंपनी काढून इंजिनिअरची भूमिका केली होती आणि त्याला ती सोडायला लावली, तर तोच प्रसंग प्रेक्षक वेगळ्या डोळ्यांनी बघतील. वंशद्वेष म्हणजे काय, हे त्यांना त्या पाच मिनिटांत कळेल तितकं तासाभराच्या भाषणात कळणार नाही.

काही जण असंही म्हणतात की त्याने या भूमिका घ्यायलाच नको होत्या. ज्याने स्वतःचा पगार घालून दुसरा रस्ता करून पाहिला आणि ज्याचा तो रस्ता बंद केला गेला, त्याला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. मी यावर जास्त बोलणार नाही.

आता मागणं. पहिलं, तुमच्या पत्रकांत 'प्रमुख कलाकार' या ओळीखाली आणखी एक ओळ घाला. चित्रपटात ज्याचा चेहरा लक्षात राहतो पण नाव राहत नाही, अशा निदान एका चरित्र अभिनेत्याचं नाव आणि दोन वाक्यांची माहिती. सुरुवात नोबलपासून करा, पुढे दर महिन्याला एक.

दुसरं, एक दिवस त्याच्या नावाने ठेवा. सकाळी 'द थीफ ऑफ बगदाद' (अडीच तास धरा, मूकपट आहे, कुणी जिवंत संगीत देणारं मिळालं तर फारच छान), दुपारी 'द मोस्ट डेंजरस गेम', जो फक्त 63 मिनिटांचा आहे, आणि संध्याकाळी 'काँग'. त्याच दिवशी, मधल्या वेळात, 'बाय राइट ऑफ बर्थ'चा तो चार मिनिटांचा तुकडा दाखवा. खर्चाची भीती बाळगू नका. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. ज्या नव्याने दुरुस्त केलेल्या प्रती आहेत त्यांची परवानगी तेवढी विचारून घ्या. चांगली प्रत निवडा, कारण वाईट प्रतीत इव्हानचे डोळे दिसत नाहीत, आणि तेच बघायचे आहेत.

तिसरं, तुमच्यातले जे महाविद्यालयांत रसग्रहण शिकवतात त्यांनी 'बर्थ ऑफ अ नेशन'चा तास घेतला की त्याच तासात लिंकन कंपनीची दहा मिनिटं घ्यावीत. आपण वर्षानुवर्षं ग्रिफिथ यांचा क्लोजअप आणि समांतर संकलन शिकवत आलो. त्या चित्रपटाला उत्तर म्हणून उभ्या राहिलेल्या माणसांचं नाव न घेता तो शिकवणं अर्धवट आहे. मीही तो असाच शिकले, आणि नोबलचं नाव मला तिशी उलटल्यावर कळलं.

नोबल जॉन्सन 9 जानेवारी 1978 रोजी कॅलिफोर्नियातल्या युकायपा इथे वारला. वय 96. चित्रपटांतलं काम थांबून पाव शतकाहून जास्त काळ लोटला होता.

खेळाआधी सांगायचं नोबलवरचं टिपण मी मराठीत करून ठेवलं आहे. दीड पानाचं आहे, खेळाआधी वाचायला पाच मिनिटं लागतात. ज्या सोसायटीला हवं असेल तिला पाठवते, माझं नाव घालायची गरज नाही. ज्या सोसायटीत तो मुलगा आला होता तिच्या संयोजकांना एक वेगळी विनंती : त्याची आई तुमच्या सभासद आहेत. पुढच्या खेळाला ते दोघं आले की मला खूण करा. मी पुढच्याच रांगेत बसेन आणि त्याला सांगेन, तो सरदार कोण होता.

आपली,
एक जुनी सभासद